गावाचे ऋण आणि गावाचे सत्य

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे आठवणी लिहून काढण्याचा एक चांगला परिपाठ पडू लागला आहे. धर्मग्रामाचा सुवर्णमहोत्सव आला की स्मरणिका निघते. शाळेला पन्नास वर्षे झाली की माजी विद्यार्थ्यांकडून लेख मागविले जातात. पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला गेलेली मंडळी भ्रमणध्वनीवर गावाचा गट काढून जुन्या आडाची, वेशीची, पोळ्याच्या बैलांची छायाचित्रे एकमेकांना पाठवितात. या साऱ्या लेखनात एक वाक्य हमखास आढळते : तेव्हाचे गाव म्हणजे एक कुटुंबच होते. हे वाक्य आम्ही इतक्या वेळा वाचले आहे की त्यापाशी थोडे थांबावे असे वाटू लागले. ते खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. कोणाच्या घराच्या उंबरठ्यावर उभे राहून पाहिले असता ते खरे ठरते, एवढेच आम्हांस विचारावयाचे आहे.

ज्या गावात आपण जन्मलो, ज्याच्या मातीत खेळलो, त्याचे आपल्यावर ऋण असते, हे कोणीही मान्य करील. पण हे ऋण फेडावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे? गावाची प्रेमाने आठवण ठेवावयाची, की खरी आठवण ठेवावयाची? दोन्ही एकत्र नांदत असतील तेथे प्रश्नच उद्भवत नाही. जेथे ती एकत्र नांदत नाहीत, तेथे माणसाने कोणाची बाजू घ्यावी?

प्रश्न पुस्तकी वाटण्याचा संभव आहे, म्हणून एका घरातील प्रसंग सांगतो. कुटुंब मूळचे जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, धावडा गावाच्या पट्ट्यात त्यांचे गाव. आता दोन पिढ्या पिंपरी-चिंचवडला स्थायिक आहेत. नातीला शाळेतून 'माझे गाव' या विषयावर वही तयार करण्यास सांगितले होते. वडिलांनी मजकूर सांगितला : डोंगर, ओढा, आमराई, मिरचीची शेते, पोळ्याची मिरवणूक, गुण्यागोविंदाने राहणारे लोक. आजी जवळच बसली होती. ती म्हणाली, "आडाचंबी लिही की. आमी आडापासून लांब उभ्या राहायचो. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचे." मुलाला ते रुचले नाही. "आई, लेकरांना हे कशाला सांगतेस?" असे तो म्हणाला. त्यावर आजी म्हणाली, "मंग काय सांगू? म्या त्या गावची नव्हते का?"

वहीचे काय करावे, हे विचारण्यास मुलगा आमच्याकडे आला होता. त्याचा हेतू वाईट नव्हता. आपल्या मुलीच्या मनात लहान वयात अपमानाचे बीज पडू नये, एवढेच त्याला वाटत होते. आजीचा हेतूही कडवटपणाचा नव्हता. वहीतून आड वगळला तर त्या गावातून आपणच वगळल्या जातो, हे तिला उमगले होते. दोघांच्याही म्हणण्यात प्रेम होते, आणि तरीही दोघांचे म्हणणे एकाच पानावर मावत नव्हते.

हा पेच केवळ आपलाच आहे असे मात्र नाही. स्थानिक इतिहास लिहिण्याची परंपरा ज्या देशात विशेष रुजली त्या इंग्लंडचे उदाहरण घेऊ. तेथे १५३८ साली टॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम काढला. कॅथॉलिक ख्रिस्तसभेत ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी सक्तीच्या केल्या. पुढे १८९९ साली इंग्लंडच्या प्रत्येक परगण्याचा गावनिहाय इतिहास लिहिण्याची 'व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी' ही योजना सुरू झाली आणि ती अद्यापही चालू आहे. १९४८ साली लेस्टर येथे स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग निघाला. त्याचे पहिले प्रमुख डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५५ साली इंग्लंडच्या भूदृश्याच्या घडणीवर पुस्तक लिहून शेताचा बांध, कुंपण आणि वाकडी वाट हीसुद्धा वाचावयाची कागदपत्रे आहेत हे दाखवून दिले.

इतकी साधने असूनही इंग्रजी खेड्याचे जे चित्र लोकांच्या मनात घट्ट बसले होते, ते गुलाबाच्या वेली चढलेल्या घरांचे आणि शांत मनोऱ्याच्या चर्चचे होते. १९६९ साली रोनाल्ड ब्लाइथ यांनी सफोक परगण्यातील खेड्यांमध्ये हिंडून म्हाताऱ्या शेतमजुरांना, लोहारांना, शिक्षकांना बोलते केले आणि 'ॲकेनफिल्ड' हे पुस्तक सिद्ध केले. गावाचे हे नाव कल्पित, माणसांचे बोलणे मात्र खरे. त्या म्हाताऱ्यांनी सांगितलेले खेडे निराळेच निघाले. अपुरी मजुरी, भूक, मालकाची जरब आणि अकाली थकलेली शरीरे यांनी ते भरलेले होते. तरीही हीच माणसे आपल्या नांगरटीच्या सरळ तासाविषयी अभिमानाने बोलत. गोड चित्र रंगविणाऱ्यांनी त्यांचे दुःख वगळले होते, हे तर खरेच. पण त्यांचे कौशल्यही त्याच वेळी वगळले गेले होते, हे अधिक ध्यानात घेण्यासारखे आहे. दुःख लपविले की त्या दुःखात टिकून राहण्याचे सामर्थ्यही आपोआप लपते.

मराठीतही ही वाट नवी नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाला. काळी, पांढरी, वतने, बलुते यांची व्यवस्था त्यांनी महसूल खात्यातील नोकरीच्या अनुभवावरून बारकाईने मांडली. ना. गो. चापेकर यांनी १९३३ साली बदलापूर या आपल्या गावावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला आणि एका गावाचा अभ्यास किती दिशांनी करता येतो याचा धडा घालून दिला. या ग्रंथांचे मोल मोठे आहे. पण गावगाड्याच्या चाकाखालून गाव कसे दिसते हे कळण्यास मराठी वाचकाला १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या दया पवार यांच्या 'बलुतं'ची वाट पाहावी लागली. पाठोपाठ १९७९ साली मराठवाड्यातील प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' आले. लहानपणीच पोरके झालेल्या मुलाने गाव कसे पाहिले, हे त्यात आहे. 'बलुते' हा एकच शब्द. एका ग्रंथात तो व्यवस्थेतील वाटा म्हणून येतो आणि दुसऱ्यात हात पसरून उभे राहण्याची वेदना म्हणून येतो. दोन्ही लेखक खरेच बोलतात. मात्र पहिले पुस्तक वाचून दुसरे न वाचणाऱ्याला गाव कळले असे म्हणता येणार नाही.

आता धावड्याच्या परिसराकडे वळू. धावडा हे एका झाडाचेही नाव आहे. कोरड्या डोंगरउतारावर वाढणारे हे झाड अत्यंत चिवट. त्याच्या लाकडाचे गाडीचे आस आणि अवजारांचे दांडे होत असत, त्याची पाने कातडी कमाविण्यास उपयोगी पडत आणि त्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवांत पडतो. बाळंतिणीचे लाडू प्रत्येक घराच्या आठवणीत असतात. उन्हाळ्यात डोंगर तुडवून खोडाला आलेला डिंक खरवडून आणणारे हात मात्र क्वचितच कोणाच्या आठवणीत असतात. कातडे कमावणाऱ्यांचा मोहल्ला कोठे होता, हेही गोड आठवणींच्या लेखांत सहसा सापडत नाही. एका झाडाच्या उपयोगांची यादी केली तरी गावातील कोण कोठे राहत होते हे आपोआप उलगडू लागते.

तालुक्याचे ठिकाण असलेले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुत येथील स्तूपांवरील शिलालेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांनी दिलेल्या दानांचे उल्लेख आहेत. १९७३ साली येथे उत्खनन झाले. त्यात हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती सापडली. इटलीत पाँपेई येथे १९३८ साली मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. पाँपेई नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे या व्यापाराला किमान तेवढी वर्षे झाली. आपल्या मुलांना दूरच्या नगरांचे कौतुक असते. त्यांना सांगावे की त्यांच्या आजोळच्या तालुक्याचा संबंध दोन हजार वर्षांपूर्वी अशा नगरांशी होता. ही अभिमानाची बाब आहे आणि ती खरीही आहे. सत्य नेहमी कडूच असते असे समजण्याचे कारण नाही.

त्याच प्रदेशात, आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे, २३ सप्टेंबर १८०३ रोजी मोठी लढाई झाली. एका बाजूस दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांचे सैन्य, दुसऱ्या बाजूस आर्थर वेलस्ली हा इंग्रज सेनापती. पुढे हाच ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लू येथे त्याने नेपोलियनचा पराभव केला. असई येथे त्याच्यासमोर नदी आडवी होती आणि नदीला उतार नाही असे वाटाडे सांगत होते. तेव्हा त्याने पाहिले की नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे आहेत. इंग्रजी कागदांत त्यांची नावे 'पीपलगाव' आणि 'वारूर' अशी आली आहेत. दोन गावे अशी समोरासमोर वसली असतील तर त्यांच्यामध्ये येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे, असा तर्क त्याने केला. उतार सापडला, सैन्य पलीकडे गेले, आणि दिवसअखेर लढाई इंग्रजांनी जिंकली. त्यांचेही दीड हजारांहून अधिक सैनिक मेले वा जखमी झाले. त्यांत स्कॉटलंडच्या डोंगराळ खेड्यांतून भरती झालेली तरुण मुले होती, तशीच मद्रासकडची शिपाईगडीही होती.

या कथेत सेनापतीचे बुद्धिचातुर्य सर्वांनी वाखाणले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु तो उतार कोणी निर्माण केला? पिढ्यान्‌पिढ्या नदी ओलांडणाऱ्या गुराख्यांनी, बाजाराला जाणाऱ्या बायांनी, सासर-माहेर करणाऱ्या लेकींनी. त्या दिवशी इतिहासाला वळण देणारी वाट त्यांच्या पायांनी पडली होती. त्यांपैकी एकाचेही नाव कोठे नाही. ज्यांच्या शेतांतून तोफा गेल्या, ज्यांच्या विहिरींजवळ प्रेते पडली, त्यांचा त्या वर्षीचा खरीप कसा गेला असेल, हे विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही. स्थानिक इतिहासाचे खरे काम येथे सुरू होते. सेनापतीचे नाव पुसावयाचे नाही. वाट पाडणाऱ्यांची जागा मोकळी आहे, हे मात्र दाखवावयाचे आहे.

नोंदींचीही तीच गोष्ट आहे. गावाचा जुना कागद म्हटला की आपल्याला सात-बारा आठवतो. जमीन कोणाची, पीक कोणते, बोजा किती, हे त्यात असते. ज्याच्या नावावर जमीनच नाही तो त्यात नसतो. म्हणजे केवळ सात-बारावरून गावाचा इतिहास लिहिला तर तो मालकांचा इतिहास होईल. त्याशेजारी धर्मग्रामातील बाप्तिस्म्याची जुनी वही ठेवून पाहावी. तिच्यात भूमिहीनाचे मूल आहे, त्याच्या आईचे नाव आहे, धर्ममातापित्यांची नावे आहेत. ज्या स्त्रीचे नाव सरकारी दप्तरात कदाचित कोठेच आले नसेल, तिचे नाव या वहीत शाईने लिहिलेले आहे. सेंट फ्रान्सिस द सेल्स संघाच्या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मराठवाड्यात जे काम केले, त्याची शाळा-दवाखान्यांच्या रूपाने आपण आठवण ठेवतो. गरिबाचे नाव नीट अक्षरात लिहून ठेवणे, हेही त्याच कामाचा भाग होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रेम श्रेष्ठ की सत्य?

संत थॉमस अक्वायनस यांनी या दोहोंचा विचार न्याय या सद्‌गुणाच्या कक्षेत केला आहे, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. देवानंतर आईवडील आणि जन्मभूमी यांच्याशी कृतज्ञतेने वागणे यास ते एक स्वतंत्र सद्‌गुण मानतात. आपण त्यास ऋणभाव म्हणू. सत्यवचन हाही न्यायाशी निगडित सद्‌गुण आहे, कारण माणसे एकमेकांवर विश्वास ठेवल्यावाचून एकत्र राहू शकत नाहीत आणि म्हणून सत्य हे आपण एकमेकांचे देणे लागतो. याचा अर्थ असा की गावाचे देणे आणि सत्याचे देणे ही दोन्ही देणीच आहेत. एक देणे बुडवून दुसरे फेडणाऱ्या माणसाला आपण व्यवहारात प्रामाणिक म्हणत नाही. शिवाय गावाचे देणे म्हणताना गाव म्हणजे कोण, हा प्रश्न उरतोच. पाटलाचा वाडा गाव आहे, देऊळ गाव आहे, आणि कुसाबाहेरची ती आजीही गावच आहे. तिचे अनुभव वगळून गावावर प्रेम केले, तर ते प्रेम अर्ध्या गावावर झाले. तेथे ऋणभावच अपुरा पडला; सत्याशी त्याची गाठ पडण्याची वेळच आली नाही.

याच संताने स्मृतीला विवेकाचा एक घटक मानले आहे. काय घडले हे ज्याला ठाऊक नाही, त्याला पुढे काय करावे हेही नीट ठरविता येत नाही. म्हणून आठवण ही केवळ मन रमविण्याची वस्तू नव्हे. तिच्यावर उद्याचे वागणे अवलंबून असते. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात स्मृतीचे विशाल दालन पाहून आश्चर्य व्यक्त केले आहे. मागे भोगलेले दुःख आज दुःख न होता आठविता येते आणि मागचा आनंद आज खिन्न मनानेही आठविता येतो, हे त्यांनी सूक्ष्मपणे टिपले आहे. या निरीक्षणाचा आपल्याला मोठा उपयोग आहे. अपमान आठवला म्हणजे अपमानित व्हावेच लागते असे नाही. आजीने आडाची गोष्ट सांगितली तेव्हा ती रडत नव्हती.

बायबलच्या जुन्या करारात आठवणींचे दोन नमुने आहेत. रानातून चालताना कंटाळलेल्या इस्राएल लोकांना मिसर देशातील मासे, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण आठवू लागतात. गणना ग्रंथाच्या अकराव्या अध्यायातील हा प्रसंग आहे. त्या काकड्या खोट्या नव्हत्या. त्यांची चवही खोटी नव्हती. पण त्या चवीच्या आठवणीत विटा थापण्याची वेठबिगार आणि मुकादमाचा चाबूक विसरला गेला होता. म्हणून ती आठवण त्यांना मागे, गुलामगिरीकडे ओढू लागली. दुसरा नमुना अनुवाद ग्रंथातला. तुम्ही मिसर देशात दास होता हे विसरू नका, म्हणून परक्याला, अनाथाला, विधवेला न्यायाने वागवा, असा तेथील उपदेशाचा आशय आहे. येथे दास्याची आठवण लाजेने झाकलेली नाही, आणि ती सूडासाठीही जपलेली नाही. ती दुसऱ्याशी माणुसकीने वागण्याचे कारण बनली आहे. आठवण चांगली की वाईट हे तिच्या गोडीवरून ठरवू नये. ती आपल्याला कोणीकडे नेते, यावरून ठरवावे, असे आम्हांस वाटते.

यावर तीन आक्षेप येतात. तिन्ही गंभीर आहेत.

पहिला आक्षेप असा की बालपणाच्या गोड आठवणीही खऱ्याच असतात. मग त्यांच्यावर संशय का? उत्तर असे की संशय नकोच. आमराईतील कैरी आंबटगोड होती, ओढ्यातील पाणी गार होते, पोळ्याच्या दिवशी बैलांची शिंगे रंगविताना हात रंगले होते, हे सर्व खरे आहे. मुलाला जे कळते ते तो मनात साठवितो. त्यात लबाडी नसते. मात्र तोच मनुष्य पन्नाशीला आल्यावर केवळ मुलाच्या डोळ्यांनी लिहू लागतो, तेव्हा त्याची जबाबदारी वाढलेली असते. मुलाला जे दिसत नव्हते ते आता त्याला ठाऊक आहे. ठाऊक असलेले बाजूस ठेवून गाव म्हणजे एक कुटुंब होते असे लिहिणे, हे बालपणाशी इमान राखणे होत नाही.

दुसरा आक्षेप त्या मुलीच्या वडिलांचा. मुलांच्या मनात न्यूनगंड येईल, किंवा द्वेष येईल. हा धोका खरा आहे. पण न्यूनगंड कशातून येतो, याचा विचार करावा. घरात एखादी गोष्ट कुजबुजत बोलली जाते, मूल खोलीत आले की मोठी माणसे गप्प होतात, आडनाव विचारले की आईवडिलांचा चेहरा बदलतो, हे सारे मूल पाहत असते. काही सांगितले नाही तरी आपल्यात काही लाजिरवाणे आहे, एवढे ते शिकतेच. उलट आजीने सरळ सांगितले की पाणी नाकारले गेले, आणि लाज नाकारणाऱ्याची आहे, आपली नाही, तर लाजेचे ओझे योग्य ठिकाणी जाऊन पडते. लपविण्याने ते पिढ्यान्‌पिढ्या चुकीच्या खांद्यावर राहते. त्यात आपल्या लोकांच्या बाबतीत कागदाचीही भर पडली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी जोडला गेला. पुढे १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध यांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती लोकांचा झाला नाही. त्यामुळे कागदावर काय लिहावे आणि घरात काय सांगावे यांचा मेळ घालताना अनेक कुटुंबे गप्प राहण्यास शिकली. या मौनाचे कारण आम्हांस समजते. पण मुलांना वारसा म्हणून मौन देऊ नये.

द्वेषाविषयी मात्र सावध राहिले पाहिजे. त्यावर उपाय म्हणजे सत्य कमी सांगणे हा नव्हे, ते पूर्ण सांगणे हा आहे. त्याच आजीच्या आठवणीत दया येऊन पाणी ओतणारे हातही आहेत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर निरनिराळ्या वस्त्यांतील माणसे एका रांगेत बसली, सर्वांच्या वाट्याला तीच सुकडी आली, असे अनेक वृद्ध सांगतात. हेही लिहावे. दया होती म्हणून अन्याय नव्हता असे होत नाही, आणि अन्याय होता म्हणून दया खोटी ठरत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३७ या काळात प्रसिद्ध झाली. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाने घरच्यांचे किती हाल झाले, हे त्यांनी काही न झाकता सांगितले आहे. पण ते वाचताना त्या वडिलांविषयी तिरस्कार वाटत नाही, हसू येते आणि कणवही येते. सत्य सांगताना जीभ कडू करावीच लागते असे नाही, याचा याहून चांगला पुरावा मराठीत आम्हांस ठाऊक नाही.

तिसरा आक्षेप असा की हे सारे इतरांना सांगण्यापूर्वी आपण आपल्या घरात पाहिले आहे काय? हा आक्षेप आम्ही संपूर्ण मान्य करतो. जात चर्चच्या दाराबाहेर राहिली असे म्हणता येत नाही. गोव्यातील काही ठिकाणी चर्चच्या उत्सवाचे मान आणि संघांचे सभासदत्व जातीवर ठरत असे. तमिळनाडूत काही ठिकाणी दफनभूमीही वेगळी होती. २०१६ साली भारतीय कॅथॉलिक महागुरूंच्या परिषदेने दलितांच्या सबलीकरणाचे धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेतही हा भेद आहे, हे स्पष्टपणे मान्य केले. म्हणून आपल्या धर्मग्रामांच्या स्मरणिकांमध्ये कोणत्या वर्षी घंटा आली, कोणी वेदी दिली, यांबरोबरच पुढच्या बाकावर कोण बसत असे आणि मागे कोण उभे राहत असे, सोयरीक कोणी नाकारली, हेही एखाद्या परिच्छेदात यावे. जो आपल्या स्मरणिकेत गप्प बसतो, त्याला गावाच्या स्मरणिकेविषयी बोलण्याचा अधिकार उरत नाही.

आपल्याच जिल्ह्यात एक निराळे उदाहरणही आहे. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मराठी धर्मोपदेशक रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसविली. ते आपल्या संप्रदायाचे नव्हते; पण ज्यांना गावाने कुसाबाहेर ठेवले त्यांच्यासाठी स्वतःचे गाव असावे, ही त्यांची दृष्टी आपण आदराने आठवावी. असे गाव वसवावेसे वाटणे, हीच जुन्या गावाविषयीची एक खरी साक्ष आहे. गाव जर सर्वांचे कुटुंब असते, तर कोणाला नव्या घराची गरज पडली नसती.

त्या कुटुंबाला आम्ही काय सांगितले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. वहीत दोन्ही लिहावे, आणि आजीचा भाग आजीच्याच शब्दांत लिहावा, असे आम्ही सुचविले. डोंगर आणि मिरचीची शेते काढून टाकू नयेत. ती आजीचीही आहेत. मुलगी लहान आहे म्हणून सारे एकाच दिवशी सांगण्याची घाई नको. पण आज जे सांगू ते उद्या मागे घ्यावे लागेल असे काहीही सांगू नये. लहानांना थोडे सत्य सांगणे यात दोष नाही. त्यांना खोटे चित्र देणे यात आहे, कारण ते चित्र मोठेपणी फाटते, आणि त्याबरोबर देणाऱ्यावरचा विश्वासही फाटतो.

आपल्या प्रत्येक कुटुंबाला करता येण्यासारखे काम थोडे आहे, पण त्यास उशीर परवडणार नाही. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीपाशी बसून शेतांची, विहिरींची, ओढ्यांची आणि झाडांची नावे लिहून घ्यावीत. कोणत्या पाणवठ्यावर कोण भरत असे, मेल्याचा सांगावा कोण नेत असे, पहिली शाळेत गेलेली मुलगी कोण, हे विचारावे. बायांना जात्यावरच्या ओव्या आठवत असतील तर त्या त्यांच्याच बोलीत टिपाव्यात. हेमा राईरकर आणि गी प्वाताँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि कोणत्याही दप्तरात नसलेला इतिहास त्यांत सापडला. लिहिताना सांगणाऱ्याचे वाक्य सुधारू नये. त्याला अवघड वाटते ते सांगण्याचा आग्रहही धरू नये. सत्यासाठी म्हाताऱ्या माणसाचे मन दुखविणे हाही एक अन्यायच होय.

नाझरेथ हे आपल्या प्रभूचे गाव. तेथे तो वाढला, तेथील सुतारकाम त्याच्या हातांनी शिकले. आणि त्याच गावाने त्याला कड्यावरून लोटून देण्याचा प्रयत्न केला, असे लूकच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात म्हटले आहे. शुभवर्तमानकारांनी ही गोष्ट झाकली नाही. तरीही त्याचे नाव अखेरपर्यंत नाझरेथकर येशू असेच राहिले, आणि क्रुसावरच्या पाटीवरही गावाचे ते नाव होते. गावाने काय केले हे ठाऊक असताना गावाचे नाव धारण करता येते. आपल्या मुलांना त्यांच्या गावाचे नाव असे धारण करता यावे, यासाठी त्यांना ते गाव संपूर्ण ठाऊक करून देणे, हे आपले काम आहे.